रुसलेल्यांचा हेवी मेटल पुरस्कार

त्या दिवाळीला कोरीटच्या राजेंद्र पाटलांच्या घरात कापूस थेट स्वयंपाकघरापर्यंत आला होता. ओसरीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, पलंगाखाली कापूस, आणि देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या पायाशीही थोडा उडून आलेला कापूस. उघडा कापूस घरात ठेवला की अंगाला खाज सुटते, हे त्या भागात लहान मूलही सांगेल. त्यामुळे पाटलांच्या घरातलं प्रत्येक माणूस बोलता बोलता कुठे ना कुठे खाजवत असे. पाहुणा आला तर चहा संपायच्या आत तोही खाजवू लागे, आणि मग फार वेळ थांबत नसे.

खरं तर कापसासाठी अंगणापलीकडे पत्र्याचं चांगलं ऐसपैस गोडाऊन होतं. पण त्यात ढेकूळ राहत होतं.

ढेकूळ हे बँडचं नाव. काळ्या जमिनीत नांगर फिरला की जी ढेकळं निघतात, त्यांपैकी एक पायावर पडलं की माणूस कसा ओरडतो, ते आठवलं की या बँडचं संगीतही साधारण कळतं. राजेंद्र पाटलांची मुलगी चेतना गिटार वाजवायची आणि गायची. तिचा चुलतभाऊ चंदन दुसरी, जाड तारांची गिटार वाजवायचा. ड्रमवर दिनेश असायचा. तो धडगावकडच्या डोंगरातला, शहाद्याला कॉलेजात शिकायला आलेला, आणि तिघांत सगळ्यात शुद्ध मराठी बोलणारा, कारण मराठी तो शाळेत शिकला होता.

तिघं जे वाजवत त्याला हेवी मेटल म्हणतात. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. यात गिटारीचा आवाज मुद्दाम फाटका करतात, ड्रम शर्यतीच्या बैलांसारखे पळवतात, आणि गाणारा माणूस गळ्यातून न गाता पोटातून गुरगुरतो. राग, भीती, मरण, ज्या गोष्टी आपण चारचौघांत दाबून ठेवतो, त्या यात मोठ्यानं सांगायच्या असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोडलं. पण मोडलेलं काही नसतं. सगळं नीट बसवलेलं असतं, आणि ते बसवायला खूप सराव लागतो. सरावाला जागा लागते. आणि अशी जागा, की जिथून शेजाऱ्यांच्या म्हशी बिचकून दूध चोरणार नाहीत, पंचक्रोशीत एकच होती.

ती जागा जायची वेळ आली होती. वसुबारसेच्या दिवशी राजेंद्र पाटील मान खाजवत उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुरस्कार घर उना, तं गोडाऊन तुमनं. कायमनं. नही उना, तं तुळशीना लगीननी आधी कापूस भरसू."

हे त्यांनी दगूफुईसमोर सांगितलं. फुई म्हणजे आत्या. दगूफुई ही राजेंद्र पाटलांची आत्या, वयानं आणि आवाजानं घरात सर्वांत मोठी. तिच्यासमोर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

"कोनता पुरस्कार?" फुईनं विचारलं.

"हाऊच. त्यासना. हेवी मेटलना."

चेतनानं कपाळाला हात लावला. कारण त्या पुरस्काराचा इतिहास तिला पाठ होता.

शहाद्याला तापीकाठ वाजंत्री संघ नावाची एक संस्था होती. बँडवाले, सनईवाले, संबळवाले, बँजो पार्टीवाले, डीजेवाले, मंडपवाले, जनरेटरवाले, आचारी, म्हणजे ज्यांचं पोट लग्नावर चालतं ते सगळे तिचे सभासद. दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधल्या दिवसांत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ते एका मंगल कार्यालयात जमत, वरण-बट्टी खात आणि एकमेकांना पुरस्कार देत.

एका वर्षी सुरतेच्या दुकानदारानं एक ट्रॉफी जास्त पाठवली. सोनेरी बाई, पंख असलेली, हातात सोनेरी ताट. संघाचे सेक्रेटरी नवनीतभाई मंडपवाले म्हणाले, "परत नहीं मोकलायची. दिसायला लक्ष्मी छे. घरी आलेली लक्ष्मी कोण परत पाठवते?" मग या लक्ष्मीसाठी नवीन पुरस्कार शोधणं आलं. संघाचे अध्यक्ष होते हेमकांत गुरुजी. शाळेत त्यांनी हयातभर मुलांना संगीत शिकवलं होतं. त्यांना आपली जुनी विद्यार्थिनी आठवली. "आपली चेतना काहीतरी वाजवते," ते म्हणाले. "त्याला हेवी मेटल म्हणतात. तोच विभाग करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. उत्कृष्ट हेवी मेटल पुरस्कार असा जन्माला आला.

जिल्ह्यात हेवी मेटल वाजवणारा बँड एकच. त्यामुळे निकालाची चिंता नव्हती. चेतनाच्या आईनं, बेबीबाईनं, आदल्या दिवशीच शिरा केला होता.

पण त्या दिवशी भटूआबा रुसले.

आता रुसवा म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लग्नात वराच्या आत्याला साडी-चोळीचा मान आधी मिळाला नाही, मामाला टिळा लावायचा राहून गेला, काकाला पुढची खुर्ची दिली नाही, की तो माणूस भांडत नाही. भांडणं हलकं असतं. तो उठतो, बाहेर जातो, भिंतीकडे तोंड करून बसतो आणि जेवत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, काही झालं नाही. मग दोन्हीकडच्या मंडळींनी जायचं, हात धरायचा, विनवायचं, मान द्यायचा. त्याशिवाय अक्षता पडत नाहीत. वाजंत्री संघातल्या प्रत्येकानं उभा जन्म असे रुसवे पाहिले होते. रुसलेल्या माणसाला मान देऊन उठवायचं, याशिवाय कोणत्याही अडचणीवर दुसरा उपाय असू शकतो, हे त्यांच्या मनातच येत नसे.

भटूआबा जुने सनईवाले. उत्कृष्ट सनईचा पुरस्कार त्यांच्या पुतण्याला मिळाला आणि आबा चपलांच्या ढिगाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले. बाकीचे पुरस्कार वाटून झालेले. उरला होता फक्त शेवटचा, हेवी मेटलचा. मंडळी बाहेर गेली, आबांना हात धरून आत आणलं आणि पंखवाली बाई त्यांच्या हाती दिली.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"मान शे, आबा."

"मंग ठीक शे," आबा म्हणाले आणि जेवायला बसले.

गुरुजींनी चेतनाच्या डोक्यावर हात ठेवला. "नव्या गोष्टीचा पहिला मान वडीलधाऱ्यांचा असतो, बेटा. पुढचं वर्ष तुझंच."

पुढच्या वर्षी उदेसिंग जनरेटरवाले रुसले. अख्खा कार्यक्रम त्यांच्या विजेवर चालला आणि व्यासपीठावरून कोणी त्यांचं नाव घेतलं नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त जनरेटर बंद करून त्याच्याकडे पाठ करून बसले. अंधारात हेवी मेटलचा पुरस्कार त्यांना देण्यात आला आणि लगेच उजेड पडला. त्याच्या पुढच्या वर्षी पाहुण्यांपैकी कोणीतरी बट्टी कच्ची आहे म्हणालं, त्यामुळे आचाऱ्याला हेवी मेटल मिळालं. स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला, झारा आणि ट्रॉफीसकट, खाली लिहिलेलं, हेवी मेटलचे मानकरी. नवनीतभाईंनी तर व्यासपीठावरून सांगितलं, "या पुरस्काराला थोर परंपरा छे. सनई, वीज आणि वरण-बट्टी."

त्या दिवशी चेतनानं गुरुजींना गाठलं. "गुरुजी, आम्ही वाजवलं की नाही?"

"वाजवलंस की. माझी कवळी हलली."

"मग?"

गुरुजींनी कवळी नीट बसवली. त्यांना खोटं बोलता येत नसे. "पण तू तर खुशीत दिसत होतीस, बेटा. हसत बसली होतीस. आता हसणाऱ्याला उठवायचं कसं?"

हे ऐकल्यापासून चेतनाला कोडं पडलं होतं. व्यासपीठावर ती जगाचा अंत झाल्यासारखी गुरगुरे, पण खाली उतरली की तिला कोणाचा राग येत नसे. सगळा राग गाण्यात संपून जाई. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं बोंडअळीवर होतं. बोंड आतून कसं पोखरलं जातं, आणि बाहेरून ते कसं हिरवं दिसत राहतं, त्याचं. ते गाऊन झालं की तिला छान भूक लागे. असं माणूस रुसणार तरी कसं?

म्हणून बाबांनी गोडाऊनची अट घातल्यावर ती दगूफुईकडे गेली.

दगूफुई ही तालुक्यातली नावाजलेली रुसणारी. खापर गावच्या एका लग्नात ती बैलगाडीतून उतरलीच नव्हती, आणि शेवटी लग्न गाडीजवळ लावावं लागलं होतं, असं लोक अजून सांगत. फुईनं तिघांना कापसाच्या ढिगावर बसवलं आणि शिकवणी सुरू केली.

"पहिली गोट," फुई पाठ खाजवत म्हणाली, "बोलानं नही. बोलना, तं रुसवा गया. काय व्हयनं म्हनीसन इचारं, तं काय सांगशी?"

"गोडाऊन जाई ऱ्हायनं," चंदन म्हणाला.

"गया तुन्हा रुसवा. माले काही नही व्हयनं, इतलंच सांगानं. ते बी एकदाव. आनि मान आशी फिरावानी." फुईनं मान फिरवली. ती नुसती फिरली नाही, तिनं दार लावून घेतलं. तिघांनाही वाटलं, आपण काहीतरी वाईट केलंय आणि पाया पडावं.

"दुसरी गोट. खावानं नही."

चंदनचा चेहरा पडला.

"हां. हाऊच चेहरा ठेव," फुई म्हणाली.

दिनेशला मात्र ते जमेना. तो मान फिरवी, पण थोड्या वेळानं कुतूहलानं वळून बघे. "आजी, आमच्याकडे घरं लांब लांब असतात," तो म्हणाला. "एक या टेकडीवर, एक त्या. कोणी रुसून भिंतीकडे तोंड करून बसलं, तर दुसऱ्याला कळणारच नाही. भूक लागली की तो आपला उठून भाकरी खाईल."

फुईला हे फार वाईट वाटलं. असंही जग असू शकतं, याची तिला कल्पना नव्हती. तिनं दिनेशला थोडा जास्त वेळ दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी राजेंद्र पाटलांनी स्वतः पिकअप काढली. ड्रम एसटीत मावत नाहीत, आणि मुलीचा मामला होता. धुतलेला पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून ते गाडी चालवत होते. जाहीर काही बोलले नाहीत, पण पुरस्कार मिळालाच तर मुलीच्या बापालाही एखादं उपरणं मिळेल, असं त्यांच्या टोपीकडे बघून वाटत होतं. ड्रमच्या मधे, मागे, तिघं बसली होती. फुईनं बजावलं होतं, कार्यालयाच्या फाटकापासून तोंड बंद.

फाटकाशी नवनीतभाई पान चघळत उभे होते. त्यांनी हातानं इशारा केला. "डायवर, गाडी जनरेटरच्या मागे लाव. अंदर नको. डायवर लोकांची चा तिकडेच छे."

राजेंद्र पाटलांनी गिअर टाकला. गाडी जनरेटरच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला टेकून लावली. एका मुलीनं कागदी कपात चहा आणून दिला, तो त्यांनी पुढच्या काचेपाशी ठेवला.

चेतनानं हे ऐकलं होतं. ते माझे बाबा आहेत, कोरीटचे राजेंद्र पाटील आहेत, हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले. पण फाटक ओलांडलं होतं. ती बोलली असती, तर तिचा रुसवा तिथेच संपला असता. तिनं ओठ मिटून घेतले आणि ड्रमची पिशवी उचलली. जिना चढेपर्यंत तिला तो चहाचा कप डोळ्यांपुढून हलवता येईना.

आत गेल्यावर मात्र ती बाकी सगळं विसरली. मुख्य हॉलबाहेरच्या पंगतीच्या दालनात बसायला भिंतच उरली नव्हती.

झालं होतं असं, की लागोपाठच्या वर्षांत जे चेतनाला दिसलं, ते बाकीच्यांनाही दिसलं होतं. बाकीच्या पुरस्कारांना चांगलं वाजवावं लागतं, या एका पुरस्काराला नुसतं बसावं लागतं, ही बातमी नंदुरबारपासून खापरपर्यंत गेली होती. त्यामुळे सगळे सभासद घरूनच रुसून आले होते. संबळवाले पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, बँडवाले पश्चिमेच्या. बँजो पार्टीला भिंत मिळाली नाही म्हणून ती खांबाभोवती गोल बसली होती. उशिरा आलेल्यांची पंचाईत होत होती. भटूआबा आले तेव्हा एका तरुण डीजेवाल्यानं उठून, न बोलता, हातानंच त्यांना आपला कोपरा दिला. वडीलधाऱ्यांना रुसायला नीट जागा मिळावी, एवढा संस्कार अजून शिल्लक होता.

अडचण एकच होती. रुसलेल्याला उठवायला न रुसलेली माणसं लागतात. तशी माणसं फक्त दोन होती. नवनीतभाईंनी एका बाजूनं विनवण्या सुरू केल्या. "ऊठो आबा. ऊठो दादा. बट्टी थंड होते." कोणी हलेना. जो आधी हलेल तो हरेल, हे प्रत्येकाला माहीत होतं. तिसऱ्या भिंतीपाशी पोचेपर्यंत नवनीतभाईंचा आवाज बसला. "मी सवारपासून उभा छूं," ते म्हणाले, "मला कोणी पाणी विचारलं?" भिंतीपाशी बसलेल्यांनी माना आणखी फिरवल्या. मग नवनीतभाईही टेबलाखालून एक पाट ओढून जिन्याच्या पायरीकडे तोंड करून बसले.

उरले हेमकांत गुरुजी.

चेतना, चंदन आणि दिनेश स्वयंपाकाच्या पातेल्यांमागे एक फूटभर रिकामी भिंत शोधून बसले होते. जागा मोक्याची होती आणि म्हणूनच वाईट होती. तुपात बुडवलेल्या बट्ट्यांचा वास सरळ नाकात येत होता. चंदनच्या पोटानं एक आवाज काढला. चेतनानं त्याच्याकडे बघितलं. पोटाचं बोलणं बोलण्यात धरतात का, हे फुईनं सांगितलं नव्हतं.

गुरुजी गुडघ्यावर हात ठेवत ठेवत त्यांच्यापर्यंत आले. "काय झालं, बेटा?"

"मला काही झालं नाही," चेतना भिंतीला म्हणाली.

गुरुजींनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "बरं. मी आत जाऊन बसतो. तुम्हाला सगळ्यांना वेळ लागेल. माझी काही घाई नाही."

आणि ते खरोखर हॉलमध्ये जाऊन पहिल्या रांगेत बसले. खिडकीच्या जाळीतून चेतनाला ते दिसत होते. सगळ्या खुर्च्या रिकाम्या, व्यासपीठावर झेंडूच्या माळा, टेबलावर ट्रॉफ्या, आणि समोर एकटे गुरुजी, मांडीवर हात ठेवून, जणू कार्यक्रम रंगात आलाय अशा चेहऱ्यानं बसलेले. शाळेत ते असंच करत. सगळ्या वर्गाचा सा लागला आणि एका कोणाचा लागला नाही, की पेटीवर बोट ठेवून थांबून राहत. रागावत नसत, पुढे जात नसत. सूर धरून बसत. आणि ते एक मूल बहुतेक वेळा चेतनाच असे.

ती उठली.

"गोडाऊन जाईल," दिनेश हळूच म्हणाला.

"जाऊ दे," चेतना म्हणाली. "गुरुजी पंख्याकडे बघत बसलेत. कोणी वाजवायला नको का?"

"आधी एक बट्टी," चंदन म्हणाला, आणि उभ्या उभ्या खाऊनही टाकली.

बोंडअळी सुरू झालं तेव्हा हॉलच्या खिडक्यांच्या काचा एकदम बोलायला लागल्या. झेंडूच्या माळा हलल्या. गुरुजींनी कवळीवर हात ठेवला आणि मान डोलावली. चेतना पोटातून गुरगुरली, बाहेरून हिरवं, आतून खाल्लेलं, आणि दिनेशनं ड्रम असे पळवले की पहिल्या रांगेच्या रिकाम्या खुर्च्या इंच इंच मागे सरकू लागल्या.

सगळ्यात आधी आत आले भटूआबा. रागानं लाल झालेले. "आवाज कमी करा रे. आमले धड रुसू तं द्या."

त्यांच्या मागून बँडवाले आले. "दखा, आबा बोलनात. आबा बाद."

"बाद कसा? तू बी तं बोलना."

मग संबळवाले आले, मग बँजो पार्टी, मग सगळेच. हॉलमध्ये त्या दिवशी जे भांडण झालं, तसं तापीकाठ वाजंत्री संघात कधी झालं नव्हतं. कोणी कोणाच्या लग्नाची सुपारी फोडून कमी भावात वाजवलं, कोणी कोणाची घोडी पळवली, सनईवाल्या पुतण्यानं काकाला नमस्कार कसा केला नाही, सगळं बाहेर पडलं, आणि गाणं चालू असल्यामुळे प्रत्येकाला ते पोटातूनच ओरडावं लागलं. गाणं संपलं तेव्हा सगळे धापा टाकत उभे होते. चेहरे मोकळे झालेले.

"बट्टी गरम शे का अजून?" भटूआबांनी विचारलं.

सगळे जेवले. पुतण्यानं आबांच्या ताटात वरण वाढलं. नवनीतभाईंना कोणीतरी पाणी विचारलं आणि तेही पाटावरून उठले.

मग पुरस्कार सुरू झाले. एकेक करून वाटून झाले आणि टेबलावर शेवटची पंखवाली बाई उरली. गुरुजींनी सभेकडे बघितलं. भिंती रिकाम्या होत्या. कोणीही रुसलेलं नव्हतं. गुरुजींचे डोळे फिरत फिरत चेतनावर आले आणि तिथे थांबले. चेतना खुर्चीवरून अर्धी उठली. चंदननं तोंडातला घास गिळला.

"एक माणूस बाकी छे," मागून नवनीतभाई म्हणाले. "जनरेटरच्या मागे. मला वाटलं, झोपला छे. पण जेवायला बोलावलं, तर म्हणतो, मला काही झालं नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. जाणकार माणसांना त्या वाक्याची पारख होती.

गुरुजी बघून आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. "चहावर साय धरली आहे," ते म्हणाले. "मान भिंतीकडे. डोळे उघडे. इतका आवाज झाला, पण हलला नाही तो माणूस. मंडळी, खरा रुसवा आहे."

"खरा?" भटूआबांनी आदरानं विचारलं. या वर्षी खरा रुसवा कोणाकडे असेल, हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं.

"चेतना," गुरुजी म्हणाले, "ते तुझे वडील आहेत. परंपरेनं मान त्यांचा होतो. पण वाजवलं तुम्ही. तू नाही म्हणालीस, तर मी देणार नाही. तू सांग. मी थांबतो."

आणि ते थांबले. चेतनाला आधी फक्त गोडाऊन दिसलं, रिकामं, मग पत्र्यापर्यंत कापसानं भरलेलं. मग तो कागदी कप दिसला. मग, सगळ्यात शेवटी, दगूफुईसमोर खाजवत उभे असलेले बाबा दिसले आणि त्यांचे शब्द ऐकू आले. पुरस्कार घरी आला तर, असं ते म्हणाले होते. कोणाच्या हातात, ते नव्हते म्हणाले.

"माझी काही हरकत नाही, गुरुजी," ती म्हणाली. "उलट लवकर द्या. साय घट्ट होतेय."

सगळा संघ वाजत गाजत जनरेटरमागे गेला. भटूआबांच्या हातात सनई होती, मागे संबळ होता, बँजो होता. नवनीतभाईंनी गाडीचं दार उघडून हात जोडले. "दादा, चूक झाली. मी तुम्हाला डायवर समजलो."

"माले काही नही व्हयनं," राजेंद्र पाटील भिंतीला म्हणाले.

रीत तीनदा विनवण्याची. दुसऱ्यांदा भटूआबांनी विनवलं. तिसऱ्यांदा चेतना पुढे झाली आणि तिनं फक्त तो थंड चहाचा कप उचलून ओतून दिला. राजेंद्र पाटलांची मान हळूहळू वळली. त्यांच्या खांद्यावर उपरणं टाकलं, टोपीवर टोपी चढवली, आणि जिल्ह्यातलं हेवी मेटलमधलं त्या वर्षीचं सर्वोच्च स्थान त्यांच्या मांडीवर ठेवण्यात आलं. ते जेवले. तुपाची वाटी दुसऱ्यांदा मागितली.

परत येताना गाडी चंदननं चालवली. राजेंद्र पाटील मांडीवरची पंखवाली बाई दोन्ही हातांनी धरून बसले होते. कोरीट आलं तरी त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

घरी फुईनं ट्रॉफी उलटीसुलटी करून पाहिली. "घर उना ना पुरस्कार?" ती म्हणाली. "मंग गोडाऊन पोरेसनं. कापूस ऱ्हावू द्या आठे. मी खाजाडी लिसू."

शब्द दिला होता. राजेंद्र पाटलांनी मान हलवली. पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही, आणि ती कापसामुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या बाजारात त्यांना अनोळखी माणसांनी नमस्कार केला. पेपरात फोटो होता, टोपीवर टोपी, खाली लिहिलेलं, हेवी मेटलचे मानकरी. खताच्या दुकानात एकानं विचारलं, "दादा, तुम्ही काय वाजाडतस?" राजेंद्र पाटलांना उत्तर देता आलं नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. मान घ्यायचा आणि त्या मानाजोगं काही करायचं नाही, हे त्यांच्या घराण्यात झालेलं नव्हतं.

संध्याकाळी ते गोडाऊनच्या दारात येऊन उभे राहिले. तिघं सराव करत होती.

"पुरस्कार मन्हा नाववर शे," ते म्हणाले. "माले काहीतरी येवाले पाहिजे."

चेतनानं गिटार बाजूला ठेवली आणि माईक त्यांच्या हातात दिला. "गळ्यातून नाही, बाबा. पोटातून. जे बोलायचं राहून गेलंय, तेच."

"माले काही नही व्हयनं," ते सवयीनं म्हणाले.

"बरं," चेतना म्हणाली. तिनं जाड तारेवर एक सूर धरला आणि तशीच थांबली. रागावली नाही, पुढेही गेली नाही.

राजेंद्र पाटील पत्र्याच्या भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटात कुठेतरी काहीतरी हललं, छातीतून वर सरकलं आणि दातांपर्यंत आलं.

"डायवर," ते गुरगुरले.

दिनेशची काठी हवेतच राहिली.

"डायवरनी चा," राजेंद्र पाटलांनी परत सांगितलं, आणि या वेळी पत्रे हलले, शेजारच्या म्हशीनं मान वर केली, आणि चंदनच्या हातातला शेवेचा पुडा खाली पडला. मग ते थांबेनात. कागदना कप. जनरेटर मांगे. माले, कोरीटना राजेंद्रले. दिनेशनं भानावर येऊन ताल धरला. चेतनानं सूर फाडला.

अंगणात, कापूस अंगावरून झटकत, दगूफुई आणि बेबीबाई ऐकत उभ्या होत्या.

"इतला वरीस व्हयनात माले या घरमा," बेबीबाई म्हणाल्या, "त्यासले इतलं बोलतांना कधी ऐकं नही."

"बोलना," फुई समाधानानं म्हणाली आणि पाठ खाजवली. "रुसवा गया."